लांब कळीचा तोल : टाइपरायटरच्या लाकडी पट्टीपासून आजच्या स्टॅबिलायझरपर्यंत

१/
मेकॅनिकल कीबोर्ड स्वतः जोडणारी मंडळी स्विच निवडण्यात आठवडे घालवतात, कीकॅपच्या रंगांवर वाद घालतात. आणि कीबोर्ड हाती आल्यावर निराश होतात ती मात्र एका चार पैशांच्या तारेमुळे. अक्षरांच्या कळा सुरेख वाजतात; स्पेस बार मात्र सैल झालेल्या खिडकीसारखा खडखडतो. या तारेला आधार देणाऱ्या भागाचे नाव स्टॅबिलायझर. तो निवडताना जे पर्याय समोर येतात, त्यांतील एकही काल-परवाचा नाही. प्रत्येकामागे एखाद्या कारखान्याची जुनी गरज आहे. ती गरज ओळखली की निवड सोपी होते. हा धागा त्या गरजांच्या इतिहासाचा.

२/
प्रथम मूळ अडचण. कीबोर्डवरील साध्या कळीची रुंदी १९.०५ मिमी असते; या मापाला ‘१ यू’ म्हणतात. कळ एकाच स्विचवर, मध्यभागी, उभी असते. बोट कितीही बाजूला पडले, तरी ते मध्यापासून साडेनऊ मिलिमीटरांपलीकडे जाऊ शकत नाही. आजचा प्रचलित स्पेस बार मात्र ६.२५ यू, म्हणजे सुमारे ११९ मिमी लांब असतो. त्याच्या टोकावर अंगठा पडला तर मध्यापासूनचे अंतर जवळजवळ ६० मिमी होते. तरफेचा नियम येथे निष्ठुरपणे लागू होतो : एक टोक खाली जाते, दुसरे वर उचलले जाते, आणि मधला स्विच तिरका होऊन अडकतो.

३/
ही अडचण संगणकाहून कितीतरी जुनी आहे. क्रिस्टोफर लॅथम शोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना टाइपरायटरचे अमेरिकी पेटंट मिळाले ते जून १८६८ मध्ये. १८७३ मध्ये बंदुका आणि शिवणयंत्रे बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीशी करार झाला आणि १८७४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील इलियन येथील कारखान्यातून ‘शोल्स अँड ग्लिडन’ यंत्र बाजारात आले. त्याच्या पुढच्या कडेला, सर्व कळांच्या खाली, एक लांब लाकडी पट्टी बसवलेली होती. शब्दांमध्ये मोकळी जागा सोडण्यासाठीची ही पट्टी म्हणजेच आजच्या स्पेस बारची पूर्वज.

४/
ही पट्टी तिरकी का होत नसे? टाइपरायटरमध्ये रूढ झालेला उपाय साधा होता. पट्टी दोन भुजांवर टेकलेली असे आणि त्या दोन्ही भुजा यंत्राच्या आत आडव्या बसवलेल्या एकाच दांड्याला घट्ट जोडलेल्या असत. एक भुजा खाली गेली की दांडा स्वतःभोवती फिरे आणि दुसऱ्या भुजेलाही तितकेच खाली यावे लागे. मोटारीच्या चाकांना जोडणारा अँटी-रोल बार याच तत्त्वावर चालतो. दोन दूरच्या टोकांना एका फिरत्या दांड्याने बांधून टाकायचे : लांब कळीच्या पुढील सर्व इतिहासाचे सूत्र एवढेच आहे.

५/
शिफ्टची कळही याच कुळातली. १८७८ च्या ‘रेमिंग्टन क्रमांक २’ या यंत्रात ती आली आणि एकाच कळीवर लहान व मोठी अशी दोन अक्षरे बसली. तिचे नाव अक्षरशः खरे होते : ती दाबली की कागद धरणारा जड कॅरेज आपल्या जागेवरून सरकत असे. पुढे यंत्राच्या डाव्या-उजव्या बाजूंना दोन शिफ्ट कळा आल्या, तरी त्या हलवत एकच चौकट. करंगळीवर भार पडे. पण डुगडुगीचा प्रश्न फारसा उद्भवत नसे, कारण कळीमागे लोखंडाची संपूर्ण यंत्रणा उभी होती.

६/
महाराष्ट्राचा या यंत्रयुगाशी संबंध दीर्घ आहे. १९५५ मध्ये गोदरेज आणि बॉइस कंपनीने मुंबईत भारतीय बनावटीचा टाइपरायटर तयार केला. राज्यातील टंकलेखन संस्थांमधून बाहेर पडलेल्या कित्येक पिढ्यांची बोटे अशा यंत्रांवरच तयार झाली. कंपनीचा टाइपरायटर कारखाना अखेरीस सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे होता. २००९ मध्ये तेथील उत्पादन थांबले. त्या शेवटच्या यंत्रांतही स्पेस बारचा तोल राखण्याचे तत्त्व एकोणिसाव्या शतकातलेच होते. ते बदलण्याची गरजच कधी पडली नव्हती.

७/
गरज पडली ती इलेक्ट्रॉनिक कीबोर्डमुळे. येथे कळीला कागद सरकवायचा नसतो, हातोडी उचलायची नसते. केवळ एक विद्युत संपर्क जुळवायचा असतो. त्यामुळे कळीमागची लोखंडी यंत्रणा नाहीशी झाली आणि प्रत्येक कळ स्वतंत्र, एकाकी स्विचवर उभी राहिली. यंत्र हलके झाले, स्वस्त झाले. पण भुजा आणि दांडा गेल्याबरोबर जुनी डुगडुग परत आली. दोन्ही टोकांना बांधणारा तो दांडा आता काही मिलिमीटर उंचीच्या जागेत, काही पैशांच्या खर्चात पुन्हा बसवणे भाग होते.

८/
१९८० च्या दशकात यावर वेगवेगळी उत्तरे निघाली. आयबीएमच्या प्रसिद्ध ‘मॉडेल एम’ कीबोर्डमध्ये काही मोठ्या कळांना एक जादा खुंटी दिलेली होती. ती शेजारच्या रिकाम्या नळीत, प्लास्टिकच्या छोट्या अस्तरातून, वरखाली सरकत असे. येथे तार नाहीच. केवळ वाट दाखवणारी नळी. दोन यू रुंदीच्या कळीला एवढा आधार पुरतो. स्पेस बारला मात्र तो पुरला नाही. तेथे आयबीएमलाही तारच वापरावी लागली. कळ जितकी लांब, तितकी टोके बांधण्याची निकड मोठी, हे या एकाच कीबोर्डात शेजारीशेजारी पाहता येते.

९/
आजच्या कीबोर्डांवर ज्या रचनेचे राज्य आहे, ती चेरी कंपनीची. १९५३ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या आणि पुढे जर्मनीत स्थिरावलेल्या या कंपनीने १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात ‘एमएक्स’ स्विच आणला. त्याच्या जोडीच्या स्टॅबिलायझरचे तीन भाग असतात : दोन प्लास्टिकची हाउसिंग, त्यांत वरखाली सरकणारे दोन स्टेम आणि इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वाकवलेली तार. तारेचा लांब मधला भाग म्हणजे टाइपरायटरचा आडवा दांडा. तिची दोन वळलेली टोके म्हणजे त्या दोन भुजा. एक स्टेम खाली गेला की तार फिरते आणि दुसऱ्याला सोबत नेते.

१०/
दुसरे घराणे कॉस्टार या तैवानी उत्पादकाच्या नावाने ओळखले जाते. जपानच्या फिल्को कीबोर्डांमुळे ही रचना शौकिनांना परिचित झाली. यात हाउसिंग आणि स्टेम नसतात; तार प्लेटवरील छोट्या आकड्यांत अडकते आणि तिची टोके कीकॅपच्या पोटात बसवलेल्या प्लास्टिकच्या तुकड्यांत शिरतात. भाग कमी, म्हणून घर्षणही कमी आणि स्पर्श स्वच्छ. पण कीकॅप काढायचा म्हटला की तार सोडवावी लागते आणि पुन्हा बसवताना आकड्यांत नेमकी ओवावी लागते. जो वारंवार कीकॅप बदलतो, त्याच्यासाठी ही रचना नव्हे.

११/
मग स्टॅबिलायझर खडखडतो का? तारेचे टोक स्टेमच्या छिद्रात मोकळे फिरले पाहिजे. म्हणून छिद्र तारेहून किंचित मोठे ठेवावेच लागते. तो किंचित मोकळेपणा म्हणजेच आवाज. तारेचे एक टोक दुसऱ्याहून केसभर उंच असेल, तर ते टोक प्रत्येक वेळी आपटते. अनेक माणसे एकत्र काम करतात अशा कचेरीत हा आवाज कोणाच्या लक्षातही आला नसता. कारखान्याला हवे होते ते स्वस्त, टिकाऊ, लाखोंच्या संख्येने जुळवता येणारे साधन. मधुर वाजणारे नव्हे. आजचा शौकीन ज्याला दोष म्हणतो, तो मूळ रचनाकाराच्या हिशेबात दोष नव्हताच.

१२/
याचे उत्तम उदाहरण स्टेमच्या पायांचे. चेरीच्या जुन्या धाटणीच्या स्टेमला तळाशी दोन बारीक लवचिक पाय असत. कळ खाली आदळताना ते प्रथम टेकत आणि धक्का मऊ करत. हेतू चांगला होता. पण मऊपणासोबत एक गिळगिळीत स्पर्शही येई. शौकिनांनी हे पाय कापण्यास सुरुवात केली. ‘क्लिपिंग’ असे त्याचे नाव पडले. पुढे अनेक उत्पादकांनी पाय नसलेलेच स्टेम बनवले. वापरणाऱ्याच्या कात्रीने केलेली दुरुस्ती कारखान्याच्या साच्यात शिरली. वस्तूंच्या इतिहासात असे उलट दिशेचे प्रवाह लक्षपूर्वक पाहावे लागतात.

१३/
आता तारेच्या लांबीकडे. बाजारात स्पेस बारसाठी ६.२५ यू आणि ७ यू अशा दोन मापांच्या तारा का मिळतात? आयबीएमच्या १०१ कळांच्या मांडणीत स्पेस बार ७ यू, म्हणजे सुमारे १३३ मिमी लांब होता. १९९० च्या दशकाच्या मध्यास मायक्रोसॉफ्टने विंडोज कळ आणली. खालच्या ओळीत नव्या कळांना जागा हवी होती. ती स्पेस बारच्या अंगातून काढण्यात आली. पाऊण यू, म्हणजे सुमारे १४ मिमी, त्याच्याकडून गेले. एका सॉफ्टवेअर कंपनीच्या बोधचिन्हाने जगभरच्या अंगठ्यांखालची पट्टी आखूड केली.

१४/
पुढे जुन्या मांडणीची आवड पुन्हा जागी झाली आणि विंडोज कळ वगळलेल्या कीबोर्डांसोबत ७ यू स्पेस बारही परतला. म्हणून खरेदीपूर्वी आपल्या पीसीबीची आणि प्लेटची मांडणी तपासणे अटळ ठरते. ६.२५ यू साठी दोन स्टेममधील अंतर १०० मिमी, तर ७ यू साठी ११४.३ मिमी, एकाची तार दुसऱ्यास चालत नाही. बॅकस्पेस, एंटर आणि दोन्ही शिफ्ट या कळांची रुंदी २ ते २.७५ यू अशी निरनिराळी असली, तरी त्या सर्वांना एकच माप लागते : २ यू, म्हणजे २३.८ मिमी. नंबरपॅड नसलेल्या प्रचलित मांडणीस असे चार आणि स्पेस बारचा एक संच पुरतो. नंबरपॅड असल्यास आणखी तीन.

१५/
चेरीच्या मूळ पेटंटची मुदत संपल्यावर त्याच मापाचे स्विच चीनमधील अनेक कारखाने बनवू लागले आणि स्वतः कीबोर्ड जोडण्याचा छंद झपाट्याने पसरला. चेरीची दुहेरी साच्याच्या कीकॅपची यंत्रसामग्री जर्मनीतील जीएमके कंपनीकडे गेली होती. तिचे स्टॅबिलायझरही या छंदात प्रतिष्ठा पावले. नंतर ड्युरॉकसारखी नावे आली. साचे अधिक काटेकोर झाले, छिद्रांचा मोकळेपणा कमी झाला. रचना मात्र तीच राहिली. नव्या नावांच्या गर्दीत हे विसरू नये : बहुतेक सर्व पर्याय हे चेरीच्या एकाच आराखड्याचे कमी-अधिक नेटके अवतार आहेत.

१६/
खरा भेद नावांत नसून बसवण्याच्या पद्धतीत आहे. त्या तीन. पहिली प्लेट-माउंट : हाउसिंग धातूच्या प्लेटमध्ये खटक्याने बसते. सुमारे दीड मिलिमीटर जाडीची प्लेट आणि योग्य खाचा असल्या की झाले. तयार कीबोर्डांत ती सर्रास आढळते, कारण जोडणी जलद होते. परंतु प्लेट थरथरली की स्टॅबिलायझरही थरथरतो. दुसरी क्लिप-इन : हाउसिंग थेट पीसीबीच्या छिद्रांत अडकते; आधार अधिक स्थिर, पण कीकॅप जोराने ओढला तर हाउसिंग निसटू शकते. तिसरी स्क्रू-इन : एक बाजू छिद्रात अडकते, दुसरीला पीसीबीच्या खालून स्क्रू लागतो.

१७/
स्क्रू-इन सर्वांत पक्का, म्हणून तोच नेहमी श्रेष्ठ, असा समज रूढ आहे. तो अर्धसत्य आहे. पीसीबीवर त्यासाठी छिद्रेच नसतील, तर प्लेट-माउंटवाचून मार्ग उरत नाही. छिद्रे असली, तरी पीसीबीची जाडी पाहावी लागते. सर्वसाधारण जाडी १.६ मिमी, अधिक लवचिक स्पर्शासाठी काही पीसीबी १.२ मिमीच्या बनतात. जाड पीसीबीसाठी घडवलेले हाउसिंग पातळ पीसीबीवर सैल बसते आणि स्क्रूचा सगळा लाभ वाया जातो. स्क्रूखाली प्लास्टिकचा अथवा फायबरचा वॉशर घालणेही आवश्यक. अन्यथा धातू पीसीबीवरील वाहक रेषांना टेकून बिघाड होण्याची भीती असते.

१८/
येथे चूक महागात पडते, ती क्रमामुळे. पीसीबीवर बसणारे स्टॅबिलायझर आधी लावायचे, मग प्लेट, मग स्विच, शेवटी सोल्डर. साठ-सत्तर स्विच सोल्डर झाल्यावर स्पेस बार खडखडतो असे लक्षात आले, तर तारेपर्यंत पोचण्यासाठी प्रत्येक स्विचचे सोल्डर उपसावे लागते; त्यात पीसीबीवरील तांब्याची वर्तुळे उखडू शकतात. हॉट-स्वॅप पीसीबीवर स्विच नुसते ओढून काढता येतात, म्हणून तेथे ही शिक्षा सौम्य असते. ज्याचा पीसीबी सोल्डरचा आहे, त्याने स्विचपेक्षा स्टॅबिलायझरवर अधिक वेळ खर्चावा, हे त्यामुळेच.

१९/
तो वेळ कशावर खर्चावा? प्रथम तारेवर. ती सपाट काचेवर ठेवावी आणि एकेका टोकावर हलके बोट टेकवावे. दुसरे टोक उचलले गेले, तर तार पिळलेली आहे. हाताने किंवा पकडीने ती सरळ करावी. नंतर वंगण. स्टेम आणि हाउसिंग यांच्या घासणाऱ्या पृष्ठभागांवर पातळ थर. तारेच्या टोकांवर आणि ती वळते त्या कोपऱ्यांवर दाट ग्रीस. वंगणाचे काम केवळ घर्षण घटवणे नव्हे. छिद्रातील तो अपरिहार्य मोकळेपणा भरून काढणे हेही आहे. महागडा संच वाकड्या तारेसह बसवला तर खडखडतो. साधा संच सरळ तारेसह आणि नेटक्या ग्रीससह शांत चालतो.

२०/
मराठीत लिहिणाऱ्यासाठी यात आणखी एक मुद्दा आहे, जो इंग्रजी मार्गदर्शनांत आढळणार नाही. इन्स्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची प्रमाणित मांडणी. तिच्यात क आणि ख, ग आणि घ, त आणि थ अशा जोड्या एकाच कळीवर असतात. महाप्राण अक्षर शिफ्टसह उमटते. अ, आ, इ, ई हे स्वतंत्र स्वरही शिफ्टसह. ळ, श आणि ष देखील. ‘घोळ’ हा शब्द तीन कळांचा. त्यांपैकी दोन शिफ्टच्या. ‘भाषा’ चार कळांचा, त्यातही दोन. इंग्रजी गद्यात शिफ्ट प्रामुख्याने वाक्यारंभी आणि विशेषनामांत लागते. मराठीत ती शब्दाशब्दांत लागते.

२१/
इन्स्क्रिप्टमध्ये व्यंजने बहुतांशी उजव्या हाताखाली, तर स्वर डाव्या हाताखाली आहेत. शिफ्ट विरुद्ध हाताने दाबायची असते. त्यामुळे महाप्राणांचा भार डाव्या शिफ्टवर आणि स्वतंत्र स्वरांचा उजव्या शिफ्टवर पडतो. उजवी शिफ्ट सामान्यतः २.७५ यू, म्हणजे सुमारे ५२ मिमी रुंद. तिच्याखालच्या दोन स्टेममधील अंतर मात्र केवळ २३.८ मिमी. दोन्ही बाजूंना सुमारे १४ मिमी भाग आधाराबाहेर लोंबतो आणि करंगळी नेमकी आतल्या कडेवर पडते. म्हणून मराठी टंकलेखकाने स्पेस बारइतकीच काळजी या दोन कळांची घ्यावी. जुळवणीनंतर त्यांची दोन्ही टोके आणि मध्य असे तिन्ही ठिकाणी दाबून आवाज सारखा येतो का, ते पाहावे.

२२/
निवडीचे सूत्र आता मांडता येते. पीसीबीवर छिद्रे नसल्यास चांगल्या प्रतीचा प्लेट-माउंट. छिद्रे असून पीसीबी सोल्डरचा असल्यास, जाडीला साजेसा स्क्रू-इन. हॉट-स्वॅप असून खर्च आवरता घ्यायचा असल्यास क्लिप-इनही पुरेसा. जुना कॉस्टार धाटणीचा कीबोर्ड हाती आला, तर त्याची मोडतोड न करता तारेच्या आकड्यांना ग्रीस द्यावे. मांडणीनुसार ६.२५ किंवा ७ यू तार. आणि कोणताही संच घेतला, तरी तार सरळ केल्यावाचून बसवू नये. नाव आणि रंग यांचा विचार या सर्वांनंतर.

२३/
१८७४ ची लाकडी पट्टी आणि आजची वाकवलेली तार यांच्यामध्ये सुमारे दीडशे वर्षे आहेत; काम मात्र एकच : एका टोकाला बसलेला दाब दुसऱ्या टोकापर्यंत जसाच्या तसा पोचवणे. या काळात कळीमागचे लोखंड गेले, शाईची फीत गेली, शिरवळचा कारखाना थांबला. दोन टोकांना बांधणारा तो फिरता दांडा तेवढा उरला, कारण लांब कळीचा प्रश्न कोणत्याही युगाचा नसून तरफेचा आहे. पुढच्या वेळी स्पेस बार खडखडला, तर दोष द्यायचा तो काळाला नव्हे. तारेचे कोणते टोक वर उचलले गेले आहे, ते आधी पाहावे.